नव्या गाडीचा भाव करताना घासाघीस नेमकी कशावर करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कराडजवळच्या गावात राहता, साखर कारखान्यात नुकतेच कायम झाला आहात आणि येत्या दसऱ्याला १२५ सीसीची पहिली मोटारसायकल काढायची आहे. कराडच्या शोरूमने १,२४,००० रुपयांचे ऑन-रोड, म्हणजे कर, नोंदणी व विमा धरून, कोटेशन दिले, बरेच बोलल्यावर २,००० रुपये कमी केले आणि याहून खाली एक रुपयाही येणार नाही असे सांगितले. कर्ज त्यांच्याकडूनच घेतले तर आणखी ३,००० रुपये सोडण्याची त्यांची तयारी आहे. साताऱ्याच्या शोरूमने फोनवर १,१७,५०० रुपये सांगितले, परंतु तपशील दिला नाही. नव्या गाडीच्या किमतीत घासाघीस किती चालते आणि ती कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातील दुचाकींच्या शोरूममध्ये सतरा वर्षे काम केले; सुरुवातीला विक्री प्रतिनिधी म्हणून आणि शेवटची काही वर्षे विक्री व्यवस्थापक म्हणून. तुमच्या हातात आहे तसे कोटेशन मी हजारो वेळा लिहून दिले आहे आणि नोकरी सोडल्यापासून ओळखीच्या लोकांना तेच वाचून दाखवतो. या अनुभवावरून सांगतो की तुमची खरी अडचण दोन हजार की चार हजार ही नाही. तुम्ही १,२४,००० या एकाच आकड्यावर बोलत आहात, आणि त्या आकड्यात सहा निरनिराळ्या गोष्टींचे भाव एकत्र बांधलेले आहेत. त्यांतील काहींवर शोरूमचा काहीही अधिकार नाही, काहींवर थोडा आहे आणि काही तर पूर्णपणे त्यांनीच ठरवलेल्या आहेत. गाठोडे न सोडता भाव केला की समोरचा माणूस मोठ्या मनाने दोन हजार सोडतो आणि ग्राहकही समाधानाने घरी जातो. प्रत्यक्षात त्या गाठोड्यात सात-आठ हजारांचे असे काही असते, जे त्याने मागितलेलेच नसते.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत ९४,०००, आरटीओ १२,९००, विमा ८,६००, हँडलिंग व डॉक्युमेंटेशन १,९००, अ‍ॅक्सेसरीज किट ४,८०० आणि वाढीव वॉरंटी व रस्त्यावरील मदत १,८०० अशा ओळी आहेत. यांची बेरीज बरोबर १,२४,००० होते. तपशीलवार कोटेशन तुम्ही मागून घेतलेत हे फार चांगले केलेत, कारण अनेक जण शेवटचा आकडा तेवढा मोबाईलवर टिपून निघून जातात.

ओळींकडे वळण्यापूर्वी परिस्थितीवर काय अवलंबून असते ते सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय कोणताही आकडा दिशाभूल करणारा ठरेल. ज्या मॉडेलसाठी लोक नंबर लावून थांबलेले असतात, त्यावर सूट मिळत नाही आणि ती मागण्यात वेळ घालवू नये. जे मॉडेल किंवा जो रंग गोडाऊनमध्ये दोन-तीन महिने पडून आहे, त्यावर मिळते. शोरूमने गाडी कंपनीकडून आधीच विकत घेतलेली असते, बहुतेक वेळा बँकेच्या पैशांतून, आणि ती उभी राहील तितके दिवस व्याज चढत असते. म्हणून पडून असलेली गाडी हलवण्याची घाई तुमच्यापेक्षा त्यांना अधिक असते. तालुक्याच्या ठिकाणचा विक्रेता हा मुख्य डीलर आहे की सब-डीलर, यानेही फरक पडतो. सब-डीलरला मुख्य डीलरकडून मिळणाऱ्या थोड्या रकमेतच आपला खर्च भागवायचा असतो, त्यामुळे किमतीत त्याचा हात आखडता असतो आणि वरकड ओळींत मात्र सैल असतो. कराडचे शोरूम यांपैकी कोणते आहे, ते सरळ विचारा. कोणी लपवत नाही.

यासंदर्भात मला ३० आणि ३१ मार्च २०१७ हे दोन दिवस नेहमी आठवतात. बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्या १ एप्रिलपासून विकता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला दिला आणि दुसऱ्या दिवसापासून कंपन्यांनी काही दुचाकींवर २२,००० रुपयांपर्यंत सूट जाहीर केली. आमच्या दारात सकाळी आठपासून रांग होती. वर्षभर हजार रुपयांसाठी अडून बसणारे आम्ही त्या दिवशी कोणता रंग हवा हेही विचारत नव्हतो, हाती लागेल ती गाडी बाहेर काढून बिल करत होतो. तशी वेळ पुन्हा सहसा येत नाही. परंतु माल हलवण्याची निकड कोणाला आहे त्यावरच भाव ठरतो, हे मला त्या दोन दिवसांत जितके स्वच्छ दिसले तितके आधीच्या कित्येक वर्षांत दिसले नव्हते.

आता पहिली ओळ. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि ती कंपनीच्या संकेतस्थळावर शहरानुसार पाहता येते. कोटेशनवरचा आकडा तिच्याशी रुपयागणिक जुळला पाहिजे. रोजच्या वापराच्या १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांत डीलरला या किमतीतून सुटणारी रक्कम बेताची असते, म्हणून येथे दहा हजार कमी करा असे म्हणणाऱ्याला गांभीर्याने घेतले जात नाही. एक ते तीन हजारांची सूट मात्र, त्या गाडीला फार मागणी नसेल तर, मिळू शकते. कंपनीची स्वतःची एखादी योजना चालू असेल तर ती वेगळी आणि डीलरची सूट वेगळी; दोन्ही मिळणार का, असे नेमके विचारावे. एक सावधगिरीही येथेच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यामुळे किमती साधारण पावणेआठ टक्क्यांनी उतरल्या. ती कपात एक्स-शोरूम किमतीत आलेलीच आहे. कोणी 'जीएसटीची सूट' म्हणून तीच रक्कम पुन्हा दाखवत असेल, तर त्याला शोरूमची सवलत समजू नका.

दुसरी ओळ आरटीओची. महाराष्ट्रात दुचाकीवरील एकरकमी कर गाडीच्या किमतीच्या टक्केवारीने घेतला जातो आणि इंजिनाच्या क्षमतेनुसार ती टक्केवारी वाढते. तुमच्या गाडीच्या गटात ती ११ टक्के धरली तर ९४,००० वर १०,३४० रुपये होतात. नोंदणीचे ३०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० रुपये आणि कर्ज असेल तर आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बोजा चढवण्याचे ५०० रुपये, शिवाय किरकोळ उपकर व टपालखर्च धरूनही ही रक्कम साडेअकरा हजारांच्या आसपास थांबते. कोटेशनवर १२,९०० आहेत. मधल्या चौदाशे रुपयांचा हिशेब विचारा. हा आवाज चढवण्याचा विषय नाही. 'कराची पावती माझ्या नावाने निघेल ना, तीवर जितकी रक्कम असेल तितकीच मी देईन' एवढे शांतपणे म्हणावे. पावतीचा उल्लेख झाला की ही ओळ बहुधा आपोआप दुरुस्त होते. नंबर प्लेटसाठी वेगळे पैसे लावले असतील तर तेही विचारा, कारण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबत उच्च सुरक्षा नंबर प्लेट देण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

तिसरी ओळ विम्याची, आणि सर्वांत जास्त गैरसमज येथेच आहेत. नव्या दुचाकीसाठी त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून तसे बंधन आहे. ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी २०२२ मध्ये ठरलेला त्याचा पाच वर्षांचा दर ३,८५१ रुपये अधिक जीएसटी असा आहे. हा दर सर्व विमा कंपन्यांना सारखाच असल्याने त्यात घासाघीस करायला वाव नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षापुरता घेता येतो, त्याचा दर प्रत्येक कंपनी आपापला लावते आणि तो कोठून घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी तुमचा आहे. विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर गाडी मिळणार नाही, असे म्हणता येत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल, तर तो दुसऱ्यांदा घेण्याची सक्ती नाही. नसेल तर मात्र तो जरूर घ्या. ऑनलाइन पाहिले तर तुमच्या गाडीचा मूळ विमा जीएसटीसह साडेसहा ते सात हजारांच्या घरात बसायला हवा. ८,६०० मध्ये झिरो डेप (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई देणारी जोडणी) आणि आणखी काही जोडण्या धरलेल्या दिसतात. झिरो डेप पहिल्या वर्षी घ्यावा असे माझे मत आहे, कारण प्लॅस्टिकचे भाग फार महाग झाले आहेत; परंतु तो त्यांनी न सांगता जोडू नये, तुम्ही निवडून घ्यावा.

येथे एक व्यावहारिक अडचण येते, ती आधीच माहीत असलेली बरी. बाहेरून विमा काढण्यासाठी चॅसी नंबर व इंजिन नंबर लागतो आणि विम्याशिवाय नोंदणी होत नाही. शोरूम हे नंबर शेवटच्या क्षणापर्यंत देत नाही आणि मग आता वेळ नाही, आमचाच विमा घ्या असे सांगितले जाते. म्हणून बुकिंगच्या वेळीच गाडी ठरवून तिचे नंबर पावतीवर लिहून घ्या. माझा अनुभव असा आहे की, बाहेरचा दर मोबाईलवर दाखवला की शोरूम स्वतःच त्या दराच्या जवळ येते, आणि दोनशे-तीनशेचा फरक राहत असेल तर त्यांच्याकडून घ्यायलाही हरकत नाही. क्लेमच्या वेळी त्यांच्या वर्कशॉपमध्ये काम थोडे सोपे होते.

चौथी ओळ हँडलिंग आणि डॉक्युमेंटेशनची. एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीची किंमत. ती कारखान्यातून तिथवर आणण्याचा, पुसून-तपासून तुमच्या हाती देण्याचा खर्च तीत आलेला असतो. हँडलिंग हे कोणतेही सरकारी शुल्क नाही. ही ओळ पूर्ण काढायला सांगा, अर्धी करायला सांगू नका. अर्धी करा म्हटले की ती योग्य आहे हे तुम्हीच मान्य केल्यासारखे होते.

पाचवी ओळ किटची, ४,८०० रुपयांची. किटमध्ये काय आहे असे विचारल्यावर सीट कव्हर, टाकीचे कव्हर, साडी गार्ड, लेग गार्ड, हेल्मेट, मोबाईल होल्डर अशी यादी मिळेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण ही गाडीची सुरक्षा साधने आहेत. ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो ते यातच येते. १३८ व्या नियमानुसार दुचाकी विकताना मानकाप्रमाणे असलेले हेल्मेट उत्पादकाने द्यायचे असते. म्हणजे या दोन वस्तू किटमध्ये धरून त्यांचे पैसे लावलेले असतील तर त्यावर प्रश्न उपस्थित करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. उरलेल्यांपैकी लेग गार्ड मी स्वतः घेईन. सीट कव्हर आणि टाकीचे कव्हर बाजारात निम्म्या दरात मिळतात, आणि टाकीच्या कव्हरखाली धूळ-पाणी अडकून रंग खराब होतो, म्हणून ते मी कोणालाही घ्यायला सांगत नाही. किट कंपलसरी आहे हे वाक्य तुम्ही नक्की ऐकाल. त्यावर 'असे कंपनीचे लेखी परिपत्रक असेल तर दाखवा' एवढेच म्हणा.

सहाव्या ओळीतील वाढीव वॉरंटी मला वाईट वाटत नाही, परंतु ती आजच घेतली पाहिजे असेही नाही. बऱ्याच कंपन्यांत मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती नंतरही घेता येते. मुदत तेवढी विचारून ठेवा.

एवढे झाल्यावर तुमचा हिशेब असा होतो: ९४,००० किंमत, साडेअकरा हजार आरटीओ, सात हजारांच्या आसपास विमा आणि हजारभराचे लेग गार्ड, म्हणजे १,१३,५००. त्यातून एक-दोन हजारांची सूट मिळाली तर १,१२,००० च्या जवळ. तुम्हाला दिलेल्या १,२२,००० या 'शेवटच्या' भावापेक्षा हे दहा हजारांनी कमी आहे, आणि यातील फार थोडा भाग खऱ्या अर्थाने सूट आहे. बाकी सर्व तुम्ही न मागितलेल्या गोष्टी आहेत. साताऱ्याच्या १,१७,५०० मध्ये काय आहे आणि काय नाही, हे कळेपर्यंत त्या आकड्याला स्वस्त किंवा महाग म्हणता येत नाही. त्यांच्याकडून याच सहा ओळींचे कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, आणि पासिंग (नोंदणी) कराडच्या एमएच ५० चे होणार की साताऱ्याच्या एमएच ११ चे, हेही विचारा. गाडी साताऱ्याहून घेतली तरी मोफत सर्व्हिसिंग आणि वॉरंटी कराडच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते, त्यामुळे ती भीती बाळगू नका.

कर्जाचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवला, कारण तुम्हीही तो वेगळाच ठेवावा. शोरूममध्ये शिरताच 'रोख की लोन?' असे विचारतात आणि आपण प्रामाणिकपणे लोन म्हणून सांगतो. त्यानंतर किमतीची गोष्ट मागे पडते आणि महिन्याला हप्ता किती बसेल यावर बोलणे सुरू होते. हप्ता शंभर रुपयांनी कमी दिसावा म्हणून मुदत वाढवली की किंमत, किट, विमा सगळे त्याखाली झाकले जाते. तेव्हा 'आधी गाडीचा भाव ठरू द्या, पैसे कसे द्यायचे ते मग पाहू' असे सांगावे. रोखीचा ग्राहक शोरूमला जास्त आवडतो असा समज आहे, तो दुचाकींच्या बाबतीत बरोबर नाही. कर्जाच्या प्रत्येक प्रकरणामागे वित्त कंपनीकडून शोरूमला आणि प्रतिनिधीला रक्कम मिळते. तुम्हाला देऊ केलेले ३,००० त्याच रकमेतून येतात.

ते घ्यावेत का, हे मोजून पाहू. त्यांनी तुम्हाला ८०,००० रुपये, तीन वर्षे, '१० टक्के फ्लॅट' असे सांगितले आहे. फ्लॅट म्हणजे तुम्ही हप्ते फेडत असलात तरी व्याज तिन्ही वर्षे पूर्ण ८०,००० वरच मोजले जाते. व्याज २४,००० आणि हप्ता सुमारे २,८८९ रुपये. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर जवळजवळ १८ टक्के पडतो. एखाद्या बँकेने घटत्या शिलकीवर १२ टक्क्यांनी तेच कर्ज दिले तर हप्ता सुमारे २,६५७ आणि एकूण व्याज साधारण १५,६५० रुपये होते. म्हणजे तीन हजारांच्या सवलतीसाठी तुम्ही सव्वाआठ हजारांहून अधिक रुपये जास्त मोजाल, आणि त्यावर प्रोसेसिंग फी वेगळी. तुम्ही कारखान्यात कायम आहात. तुमच्या सेवकांची पतसंस्था असेल तर सर्वांत आधी तिथे चौकशी करा, तिचा दर आणि अटी पाहा, मग बँक आणि शेवटी शोरूम. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना अशा कर्जासाठी मुख्य तथ्यांचे पत्रक द्यावेच लागते आणि त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी ते पत्रक मागा आणि तोंडी सांगितलेला दर बाजूला ठेवून त्या आकड्यांचीच तुलना करा. मुदतीआधी कर्ज फेडले तर किती दंड लागेल आणि शेवटी बोजा उतरवण्यासाठी ना हरकत पत्र किती दिवसांत मिळेल, हेही विचारा.

वेळेविषयी. दसऱ्याच्या दिवशी भाव होत नाही. त्या दिवशी शोरूममध्ये हार, पेढे, पूजा, फोटो यांची एकच गर्दी असते, घरची सगळी मंडळी नटून आलेली असतात आणि अशा वेळी पंधराशे रुपयांच्या एका ओळीवरून कोणीही वाद घालत नाही. मी ज्या एका शोरूममध्ये होतो, तिथे सणाच्या आठवड्यात कोटेशनवर 'इतर' नावाची एक जादा ओळ छापली जाई; ती लिहून देणाऱ्यांत मीही होतो आणि त्याची खंत आजही वाटते. याउलट पितृपक्षात आपल्याकडे कोणी गाडी काढत नाही. शोरूम ओस असते, प्रतिनिधी दिवसभर दाराकडे पाहत बसतात आणि महिन्याचे टार्गेट तसेच उभे असते. भाव ठरवायला आणि बुकिंग करायला याहून चांगला काळ नाही. घरच्यांची भावना सांभाळायची आहे, तर डिलिव्हरी दसऱ्यालाच घ्या. मुहूर्त गाडी घरी आणण्याचा असतो, कोटेशन मागण्याचा नसतो. तसेही नंबर पडल्याशिवाय गाडी हाती देता येत नसल्याने विमा, कर आणि नोंदणी ही कामे चार-पाच दिवस आधी करावीच लागतात.

बोलण्याच्या पद्धतीविषयी एक प्रसंग सांगतो. पाटण तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक मुलीसाठी स्कूटर घ्यायला आले होते. त्यांच्याकडे चौकटीची एक वही होती. पानावर तीन उभे रकाने आखलेले, प्रत्येक रकान्यावर शोरूमचे गाव, आणि खाली ओळीने किंमत, कर, विमा, इतर. ज्या शोरूममध्ये एखादी ओळ नव्हती, तिथे त्यांनी पेन्सिलने शून्य काढले होते. त्यांनी वही माझ्यासमोर फिरवली, आमच्या रकान्यातील हँडलिंगच्या आकड्यावर बोट ठेवले आणि 'हे काय आहे, जरा समजावून सांगा' असे म्हणून ते थांबले. मी काही तरी सांगितले. त्यांनी मान हलवली, पण बोट उचलले नाही. काही क्षण कोणीच बोलले नाही, आणि मग मीच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. पंधरा मिनिटांत ती ओळ गेली आणि विमाही बाराशेंनी खाली आला. त्यांनी आवाज चढवला नव्हता, दुसरीकडे जातो अशी धमकी दिली नव्हती. त्या पानावरचे आकडे खरे आहेत हे मला दिसत होते, आणि त्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हते.

तुम्हीही असेच पान तयार करा. समोरचा प्रतिनिधी पगारी माणूस आहे, त्याच्या हातात पाचशे-हजार रुपयांपलीकडे काही नसते, आणि त्याचा इन्सेंटिव्ह बहुधा विमा, किट व कर्जाच्या प्रकरणांवर ठरलेला असतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. 'तुम्ही तुमच्या साहेबांशी बोला, मी थांबतो' असे म्हटले की त्यालाही आत जाऊन बोलायला निमित्त मिळते. महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, दुपारच्या शांत वेळी जा, आणि भाव ठरला तर त्याच दिवशी बुकिंग करण्याची तयारी ठेवा. आज पैसे भरणाऱ्या ग्राहकासाठी जे सोडले जाते ते नुसते विचारायला आलेल्यासाठी सुटत नाही. बुकिंगची रक्कम मात्र थोडीच भरा आणि पावतीवर मॉडेल, रंग, ठरलेली एकूण किंमत, डिलिव्हरीची तारीख आणि व्यवहार मोडल्यास पैसे परत मिळण्याची अट लिहून घ्या.

भाव ठरल्यावर राहते ती गाडीची तपासणी, आणि ती नोंदणीपूर्वी करावी, कारण गाडी तुमच्या नावावर चढल्यानंतर बदलून मिळणे जवळपास अशक्य असते. गोडाऊनमध्ये जाऊन तीच गाडी दाखवा म्हणावे. फॉर्म २१ या विक्री प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना व वर्ष असते; ते मागून पाहा. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, त्यातील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. गाडी सहा-आठ महिने जुनी निघाली तर एक तर दुसरी मागा किंवा तेवढ्यापुरती आणखी सूट घ्या; गेल्या वर्षीची गाडी असेल तर विकताना तिचे एक वर्ष आजच कमी झालेले असते. सायलेन्सरच्या जोडाजवळ, साखळीवर आणि रिमच्या आऱ्यांपाशी गंज आहे का, टाकीवर ओरखडा आहे का, मीटरवर किती किलोमीटर आहेत, हे दिवसाच्या उजेडात पाहा.

आणि उद्याच करण्यासारखे एक काम: साताऱ्याला फोन करून सहा ओळींचे कोटेशन मागवा. ते आले की वहीत दोन रकाने आखा, किट आणि हँडलिंग या दोन ओळींपासून सुरुवात करा, आणि कराडच्या शोरूममध्ये ते पान घेऊन जा. त्यांनी काय उत्तर दिले ते कळवा. विम्याचा तपशील हाती आल्यावर मी तोही पाहून देईन.